'की', 'म्हणून' आणि हरवलेला 'न'

इंग्रजीत 'दॅट' नेमका कधी लागतो, हा प्रश्न ऑफिसात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक आमच्यासारखाच, मराठी माध्यमातून आलेला. आणि उत्तर देणारा बहुतेक म्हणतो, "वाटलं तर घाल, नाही तर गाळ. काय फरक पडतो?" 'आय थिंक ही इज राइट' आणि 'आय थिंक दॅट ही इज राइट', दोन्ही बरोबर. मग हा शब्द भाषेत ठेवलाय कशाला? जो गाळला तरी चालतो तो हजार वर्षांत आपोआप गळून का पडला नाही?

ह्या शनिवार-रविवारी ह्याच प्रश्नामागे लागलो. निघालो इंग्रजी व्याकरणातून, पण गाडी मोडी पत्रं, बाणकोटचे मिशनरी, मेजर कँडी आणि १८७२ चा पुरावा कायदा अशी वळणं घेत थेट दापोली तालुक्यातल्या आमच्या बुरोंडीला जाऊन थांबली. लेख थोडा लांबलाय. चहा घेऊन बसा :-)

आधी इंग्रजीचं बघू. क्लायंटकडच्या माणसाची एक मेल आहे असं समजा: 'ही सेड ऑन फ्रायडे द बिल्ड वुड बी रेडी.' आता शुक्रवारी तो हे म्हणाला, की बिल्ड शुक्रवारी तयार होणार? वाक्यावरून कळायला मार्ग नाही. 'दॅट' जर 'फ्रायडे'च्या आधी घातला तर शुक्रवार बिल्डचा, नंतर घातला तर शुक्रवार बोलण्याचा. म्हणजे इथे तो शब्द म्हणजे कुंपण आहे. कुठला शब्द कोणाच्या अंगणात ते सांगतो.

दुसरं उदाहरण ह्याहून गमतीचं. 'द जज बिलीव्ड द विटनेस वॉज लाइंग.' डोळा पहिले पाच शब्द वाचतो आणि समजतो, न्यायाधीशांनी साक्षीदारावर विश्वास ठेवला. पुढचे दोन शब्द येतात आणि अर्थ बरोब्बर उलटा होतो: साक्षीदार खोटं बोलतोय असं न्यायाधीशांना वाटलं. 'बिलीव्ड' नंतर एक 'दॅट' टाकला असता तर वाचणाऱ्याला मागे फिरावं लागलं नसतं. तिसरी जागा वाक्याच्या सुरुवातीची. 'दॅट ही लाइड इज क्लिअर' ह्यातला 'दॅट' काढला तर वाक्य मोडूनच पडतं.

म्हणजे नियम काहीसा असा: ऐकणाऱ्याला रचना दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळत असेल (आवाजाचा चढउतार, थांबणं, संदर्भ) तर छोटा शब्द ऐच्छिक. तो मार्ग बंद झाला की सक्तीचा. बोलताना 'दॅट' गाळलेला चालतो आणि करारनाम्यात चालत नाही तो ह्यामुळेच. कागदाला आवाज नसतो.

आपल्या धंद्यात ह्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. सी भाषेत 'इफ'नंतर एकच ओळ असेल तर महिरपी कंस ऐच्छिक आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडलेली सापडली. पहिली 'इफ'च्या ताब्यात होती, दुसरी मोकाट. कंस नसल्यामुळे दुसरी ओळ दिसायला आत आणि चालायला बाहेर. परिणाम असा, की पुढची तपासणी कधी व्हायचीच नाही आणि समोरच्याची सही खोटी असली तरी जोडणी खरी मानली जायची. कंस असते तर ती जादाची ओळ बिनविषारी ठरली असती.

आणि राजकारणात बघायचं तर २२ नोव्हेंबर १९६७ चा संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २४२. त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली फौजांनी माघार घ्यावी असं त्यात आहे. पण इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. एक बाजू म्हणते, 'द' नाही म्हणजे सगळेच प्रदेश अभिप्रेत नाहीत. दुसरी बाजू फ्रेंच मसुदा पुढे करते, कारण फ्रेंच पाठ 'त्या सगळ्या प्रदेशांतून' असाही वाचता येतो. तीन अक्षरी इंग्रजी शब्दाचा वाद अर्धशतक उलटून गेलं तरी मिटलेला नाही. आणि मराठीत तर 'द' हा प्रकारच नाही! 'व्यापलेल्या प्रदेशांतून माघार' असं भाषांतर केलं की वादाचा मुद्दाच अदृश्य.

असो. आता घरी येऊ.

शाळेच्या व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचा एक उपप्रकार पाठ केलेला आठवत असेल: स्वरूपबोधक. त्याची उदाहरणं म्हणून म्हणजे, की, म्हणून, जे. ह्यातलं 'म्हणजे' बाजूला ठेवू. उरलेली तीन 'दॅट'ची मराठी भावंडं. 'तो म्हणाला की मी येतो.' 'मी येतो म्हणून तो म्हणाला.' आणि 'जे'? आज 'तो म्हणाला जे मी येतो' असं कोणी म्हणत नाही. तरी शब्द पुस्तकात बसून आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीही न वापरणारं एखादं फंक्शन केवळ काढायचं धाडस नाही म्हणून राहतं ना, तसं.

पण हे 'जे' एके काळी जोरात होतं. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'की'चं आजचं काम बरंचसं 'जे' करतं. आणि पेशवाईतलं कुठलंही पत्र उघडा, मायना संपला की येतं: 'विज्ञापना ऐसीजे'. ऐसी जे, म्हणजे 'विनंती अशी आहे की'. त्यापुढे मजकूर सुरू. समोरच्याच्या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याच्या पत्राचा सारांश लिहायचा, सारांश संपला की 'म्हणोन लिहिले' असं म्हणायचं आणि मग 'त्यास' किंवा 'ऐशास' म्हणून आपलं उत्तर चालू करायचं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला मेलमधली ती डावीकडची बाणाची खूण आठवली. इथपर्यंत तुमचं, इथून पुढे माझं. अगदी तेच काम.

आणि हे काम फार गरजेचं होतं, कारण मोडीत बाकी काहीच नाही. एक सरळ रेघ ओढायची आणि तिच्याखाली झरझर लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, अवतरणचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. अशा ओळीत पुण्याच्या कारभाऱ्याचं बोलणं कुठे संपलं आणि सुभेदाराचं कुठे सुरू झालं हे वाचणाऱ्याला कळणार कसं? 'ऐसीजे' हे उघडणारं अवतरणचिन्ह आणि 'म्हणोन' हे मिटणारं. आज फालतू वाटणारे हे शब्द त्या काळची विरामचिन्हं होती. ती गाळली तर नुसती शैली बिघडत नव्हती, हुकूम कोणाचा तेच कळलं नसतं.

आता 'की'. मराठीत एक 'की' आधीपासूनच आहे, संस्कृत 'किम्'च्या घराण्यातला: 'चहा की कॉफी?' मधला. पण 'तो म्हणाला की' मधला 'की' बरेच अभ्यासक फारसीतल्या 'कि'च्या प्रभावाशी जोडतात. बहामनी काळापासून तीनशे वर्षं दरबारची भाषा फारसी. कारकून दोन्ही भाषांत लिहिणारे. मग फारसी वाक्याचा सांगाडा मराठीत शिरला तर नवल नाही. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतल्या फारसी शब्दांची मोजदाद केली होती आणि शिवकाळानंतर ते प्रमाण झपाट्याने उतरतं असं दाखवलं होतं. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला हे आपण शाळेत शिकतो.

इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. कोशात काय येतं? पदं, खाती, हत्यारं, वस्तू. म्हणजे नामं. पुढे सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते तेव्हा त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली, तीही मुख्यतः नामांचीच. तारीखचं दिनांक झालं, मेयरचा महापौर झाला. पण 'की'ला कोणी हात लावला नाही. लावणार कसा? भाषा शुद्ध करायला हवी की नको हा वादसुद्धा 'की'शिवाय घालता येत नाही! मोठे शब्द सीमेवर अडवता येतात. छोटे शब्द कधी येऊन घरचे होतात ते कळतच नाही.

'म्हणून'ची कथा वेगळी. बोलणं आधी, 'असं म्हणून' नंतर, ही रचना संस्कृतातल्या 'इति'ची. पण आपल्या दक्षिणेकडे ही रचना नुसती आहे असं नाही, तिचंच राज्य आहे. कन्नडमध्ये 'अंत', तेलुगूत 'अनि', दोन्ही बोलण्याच्या शेवटी येतात आणि दोन्ही 'म्हणणे' ह्याच अर्थाच्या धातूंवरून आलेले. कोकणीतही 'म्हण', 'म्हणून' शेवटी. हैदराबादच्या दख्खनीने तर कमाल केली, उर्दू असूनही 'की' जरा बाजूला सारून शेवटी 'बोलके' लावायला शिकली. म्हणजे नकाशावर बघितलं तर उत्तरेला 'की'वाले, जे बोलण्याच्या आधी पाटी लावतात. दक्षिणेला 'म्हणून'वाले, जे बोलणं संपल्यावर पाटी लावतात. मराठी बरोबर मध्ये. आपल्याकडे दोन्ही पाट्या आहेत आणि दोन्ही काढून ठेवायची मुभाही आहे: 'येतो म्हणाला.' झालं!

ह्या नकाशावर बुरोंडी कुठे? दापोलीहून समुद्राकडे उतरलं की येणारं मच्छीमारीचं गाव. हल्ली लोकांना पृथ्वीच्या गोलावर उभ्या असलेल्या परशुरामाच्या भव्य पुतळ्यामुळे माहीत असतं. उत्तरेला लाडघर, दक्षिणेला कोळथरे. आमच्याकडे बोलण्यात 'की' कमी. 'उद्या येतो म्हणून सांगितलंन' असंच कानावर येतं. आणि त्या 'सांगितलंन' मधला शेवटचा 'न' हाच ह्या लेखाचा खरा नायक.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा करतो. प्रमाण मराठीत 'मी पैसे दिले', 'तू पैसे दिलेस', 'त्याने पैसे दिले'. म्हणजे 'तू'ला 'स' मिळाला, पण 'मी' आणि 'तो' ह्यांची क्रियापदं सारखीच. रत्नागिरीकडच्या बोलीत मात्र 'त्याने पैसे दिलेन'. 'आईने मारलंन', 'पोराने पाट मोडलान', 'बायकोने भाकऱ्या केल्यान'. हा 'न' तिसऱ्या माणसाची खूण आहे. कर्ता गाळून नुसतं 'दिलेन' म्हटलं तरी देणारा मी नव्हे आणि तूही नव्हेस, तिसराच कोणीतरी, हे पक्कं कळतं. शहरात गेल्यावर पहिल्या महिन्यात कोकणातली पोरं हा 'न' गिळायला शिकतात, कारण तो काढला की लोक हसत नाहीत. गावंढळपणाची खूण म्हणून त्याची ख्याती. पण व्याकरण म्हणून बघितलं तर तो प्रमाण भाषेतल्या एका भोकावर लावलेलं ठिगळ आहे, आणि ठिगळ चांगलं मजबूत आहे.

ते भोक किती मोठं आहे ते बघण्यासाठी एक काल्पनिक साक्ष घेऊ. बंदरावरून एक होडी नाहीशी झाली आहे. साक्षीदार कोर्टात सांगतो: 'दामू म्हणाला की मी होडी नेली.' होडी कोणी नेली?

पहिला अर्थ: दामूने. दामूचे शब्द जसेच्या तसे, त्यातला 'मी' म्हणजे दामू. दुसरा अर्थ: साक्षीदाराने. दामूने साक्षीदारावर आळ घेतला आणि तो आता आपल्या तोंडाने सांगतोय, 'मी नेली म्हणे!' मराठीत दोन्ही बसतात. कारण आपला 'की' दिसायला 'दॅट'सारखा असला तरी वागायला तसा नाही. 'दॅट'नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकत नाहीत, पुरुष आणि काळ बदलावा लागतो. 'की'नंतर आपण खुशाल स्वल्पविराम देऊन अवतरणचिन्हात अख्खं वाक्य ठेवतो: तो म्हणाला की, "मी येतो." इंग्रजीत अशा ठिकाणी 'दॅट' ठेवला तर मास्तर लाल शाई काढतील. थोडक्यात, 'की' हा दरवाजा उघडतो पण आतला माणूस कोण ते सांगत नाही. इंग्रजी भाषांतरकाराला मात्र ते सांगावंच लागतं: 'दामू सेड दॅट ही टुक' किंवा 'दामू सेड दॅट आय टुक'. मधला रस्ता नाही.

आता बुरोंडीचा माणूस हेच आपल्या भाषेत कसं सांगेल? 'दामू म्हणाला होडी नेलीन.' 'न' आला. म्हणजे दामू स्वतःबद्दलही बोलत नाहीये आणि साक्षीदाराबद्दलही नाही. तिसराच कोणीतरी. एक अक्षर, आणि आरोपीच बदलला. पण कारकुनाने सवयीने ते 'शुद्ध' करून 'होडी नेली' असं लिहिलं, तर कागदावर तो 'न' नाही. पुढच्या वाचणाऱ्याला दामूनेच कबुली दिली असं वाटायला काहीच हरकत नाही.

हे नुसतं व्याकरणाचं कोडं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं एक मूळ तत्त्व असं, की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. ऐकीव गोष्ट साधारणपणे चालत नाही. पण पक्षकाराने स्वतः दिलेली कबुली हा ह्याला महत्त्वाचा अपवाद. म्हणजे 'मी' जर आरोपी दामू असेल तर ते वाक्य त्याच्याविरुद्ध वापरता येतं. 'मी' साक्षीदार असेल किंवा होडी तिसऱ्यानेच नेली असेल, तर ते दामूने केलेलं नुसतं विधान, ज्याची किंमत फार कमी. एका सर्वनामावर आणि एका 'न'वर तुरुंग अवलंबून. हा कायदा दीडशे वर्षं चालला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तत्त्व तसंच आहे.

आणि आपल्या जिल्ह्यातली मराठी साक्ष इंग्रजी होण्याचा रस्ता जुना आहे. १८६२ मध्ये मुंबईत हायकोर्ट आलं, त्याचं कामकाज इंग्रजीत. रत्नागिरीतला खटला अपिलात वर गेला की मराठी कागदांचं भाषांतर आलंच. साक्षीदार बोलीत बोलणार, कारकून प्रमाण मराठीत लिहिणार, भाषांतरकार ते इंग्रजीत नेणार, आणि निकाल देणारा फक्त शेवटचा कागद वाचणार. प्रत्येक टप्प्यावर मोठे शब्द जपले जातात, कारण त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गळतात ते छोटे.

भाषांतरावर भर कोर्टात झगडा झाल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९०८ चं. टिळकांवरचा (त्यांचं मूळ गाव चिखलगाव, तेही दापोली तालुक्यातच) राजद्रोहाचा खटला केसरीतल्या मराठी लेखांवर होता, पण ज्यूरीतल्या बहुसंख्य युरोपियनांपुढे होते त्यांचे इंग्रजी तर्जुमे. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी घेतली आणि तर्जुमा मूळ अर्थापासून कसा ढळलाय हे दाखवायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. सात विरुद्ध दोन असा कौल, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, मंडाले. मूळ मराठी कितीही बारकाईने लिहिलेलं असो, शिक्षा भाषांतराला होते.

दुसरं उदाहरण तेलुगू मुलखातलं. पुळुकुरी कोट्टय्या खटला, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल १९४६ च्या अखेरचा. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही, पण तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग चालतो. कौन्सिलने म्हटलं, 'घराच्या छपरात लपवलेला चाकू काढून देतो' एवढं चालेल, पण त्याला 'ज्याने मी अमक्याला भोसकलं' हे शब्द जोडले तर ते शब्द चालणार नाहीत. इंग्रजीत हे सोपं आहे. ती शेपटी वाक्याच्या टोकाला येते, कात्रीने कापा. मराठीत माणूस कसं बोलेल? 'ज्या चाकूने त्याला भोसकलं तो चाकू छपरात ठेवलाय.' न चालणारा भाग आधीच येऊन बसला! 'ज्या' आणि 'तो' ह्या जोडीतला एक काढला की दुसरा लंगडतो. एका भाषेच्या रचनेवर बेतलेली कात्री दुसऱ्या भाषेच्या कापडावर चालवायची, म्हणजे शिंप्याला फार जपावं लागतं.

आता एकच धागा उरला. मोडीत ज्या शब्दांवाचून चालत नव्हतं ते ऐच्छिक कधी झाले? माझं उत्तर: छापखाना आणि विरामचिन्हं आल्यावर. आणि त्या कथेची सुरुवातही आमच्याच किनाऱ्यावर आहे. बुरोंडीहून समुद्राच्या कडेने उत्तरेला गेलं की मुरुड, हर्णै आणि पुढे बाणकोट. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये ह्याच बाणकोट-हर्णै पट्ट्यात काम सुरू केलं. त्याच संस्थेतून आलेल्या जॉन स्टीव्हन्सन ह्यांचं इंग्रजीतून लिहिलेलं मराठी व्याकरण १८३३ मध्ये निघालं. तीन वर्षांनी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं, मराठीतून आणि इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. मग मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थचा अर्धवट राहिलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये पुरा करणारे हेच. त्यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढलं आणि स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्ह मराठीच्या पंक्तीला येऊन बसले. १८८८ मध्ये आगरकरांनी 'वाक्यमीमांसा' लिहून मुख्य वाक्य आणि गौण वाक्य वेगळं करायला शिकवलं. आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. दामले म्हणजे केशवसुतांचे भाऊ, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले.

ह्या ऐंशी वर्षांत अवतरणचिन्हाने 'ऐसीजे' आणि 'म्हणोन' ह्यांची नोकरी घेतली. 'जे' तर निवृत्तच झालं. 'म्हणून' बोलण्यात टिकलं, पण लेखनात त्याला 'त्यामुळे' हा दुसरा उद्योग जास्त मिळाला. 'की' तेवढा सरकारी नोकरीत कायम. आणि 'न'? तो ह्या कुठल्याच पुस्तकाच्या मुख्य दारातून आत आला नाही. शाळा प्रमाण भाषेची, परीक्षा प्रमाण भाषेची, कोर्टातला कागद प्रमाण भाषेचा. बोलीत तो आहे, कागदावर नाही.

मला ह्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विरामचिन्हांमुळे 'म्हणोन' गेलं ह्याबद्दल तक्रार नाही. एका खुणेचं काम दुसरीने घेतलं, हिशेब जुळला. पण 'न' गेला तेव्हा त्याच्या जागी काहीच आलं नाही. एक माहिती होती, ती कमी झाली. आणि ती कमी झाल्याचं 'शुद्ध' लिहिणाऱ्याला कळतसुद्धा नाही, कारण त्याच्या भाषेत ते भोक जन्मापासून आहे. आज हे काम कारकुनाऐवजी मशीन करायला लागलंय. बोललेलं ऐकून लिहून देणारी सॉफ्टवेअरं प्रामुख्याने प्रमाण मराठीवर शिकतात, आणि 'नेलीन' ऐकून 'नेली' लिहिणं हे त्यांच्या दृष्टीने चूक नसून सुधारणा ठरू शकते. आपल्यापैकी कोणी त्या कामात असेल तर एक विनंती आहे: शेवटचं अक्षर आवाज म्हणून फेकून देऊ नका. अपघाताचा जबाब, जमिनीच्या वाटपातली साक्ष, दवाखान्यात म्हाताऱ्या आईने सांगितलेलं 'गोळी दिलीन', ह्या सगळ्यांत कोणी केलं हाच मुद्दा असतो.

तर ऑफिसातल्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर आता असं आहे. समोरचा माणूस समोरच असेल, तुझा आवाज त्याला ऐकू येत असेल आणि न कळल्यास तो 'म्हणजे कोण?' असं विचारू शकत असेल, तर 'दॅट' खुशाल गाळ. 'की' पण गाळ. पण जे लिहितोयस ते तुझ्याशिवाय दूर जाणार असेल, तुला न ओळखणारा कोणी ते वाचणार असेल, आणि त्यावरून कोणाचं तरी काही ठरणार असेल, तर सगळे छोटे शब्द घाल. चार जास्तीचे झाले तरी चालतील.

आणि दुसऱ्याचं बोलणं लिहून घेत असशील, तर त्याने घातलेला एकही काढू नकोस.